बरोबर कोण आहे?

आमच्या कारखान्यात पंख्याच्या मोटारी भरतात. म्हणजे लोखंडी चकतीच्या खाचांमध्ये आधी पिवळा कागद घालायचा, मग तांब्याची बारीक तार फिरवत फिरवत गुंडाळी बसवायची आणि टोकं बांधून ती वॉर्निशच्या भट्टीकडे द्यायची. बोटांना चिरा पडतात आणि वॉर्निशचा वास घरापर्यंत सोबत येतो. या बाकावर माझ्या शेजारी जी बसते, तिला लहानमोठे सगळे ताई म्हणतात. मालकसुद्धा, आणि मालक तर तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे आहेत.

ताईचं लग्न झालं नाही. आई गेली, मागोमाग वडील गेले, आणि घरात थोरला भाऊ, वहिनी, त्यांची लहान मुलगी, ताई आणि धाकटा भाऊ एवढी माणसं उरली. धाकटा नकाशे काढायच्या ऑफिसात होता. हात इतका साफ, की साहेब लोक त्याची रेघ दुसऱ्यांना दाखवायचे. पंचविशीत त्याचं बिनसलं. आधी झोप गेली. मग भिंतीपलीकडचे लोक आपल्याबद्दल बोलतात असं म्हणायला लागला. मग नोकरी गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. एक सवय मात्र त्याची कधी सुटली नाही: सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावल्याशिवाय तो ताटावर बसत नसे. अंगाची लाही होत असली तरी बटण लागलेलंच.

वहिनी त्याला घाबरायची. एकदा पाण्यात कोणीतरी काहीतरी कालवलंय म्हणून त्याने पिंपभर पाणी ओतून दिलं होतं आणि कडेवरच्या मुलीसकट तिला ढकललं होतं. मुलीला लागलं नाही, पण वहिनीच्या मनात ते घर करून बसलं. त्यानंतर ती त्याचं ताट दारात ठेवायची आणि मागे सरायची.

एका दुपारी दार नुसतं लोटलेलं राहिलं आणि धाकटा निघून गेला. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

पोलिसांनी तक्रार घेतली आणि सांगितलं, मोठा माणूस आहे, येईल. दादाने आठवडाभर गल्ल्या पालथ्या घातल्या, दवाखाने बघितले, मग तोही खचला. त्यात कोणीतरी बातमी आणली, की असा असा माणूस लांबच्या गावाला जाणाऱ्या बसमध्ये अनवाणी बसलेला बघितला. ताई दादाला म्हणाली, चल. दादा म्हणाला, कुठे कुठे जाणार? वहिनी म्हणाली नाही काही, पण तिच्या तोंडावर सुटल्यासारखं दिसलं, असं ताईला वाटलं. त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं. दुसऱ्या दिवशी ताई मालकांकडे सुट्टी मागायला आली. मालक बोलतात कमी आणि खोकतात जास्त. बराच वेळ खोकून ते म्हणाले, जा.

ताई तोवर एकटी कुठे गेलेली नव्हती. घर ते कारखाना, कारखाना ते घर. लांबच्या गाडीत बसली तर तिकीट कायम दुसऱ्याच्या खिशात. आता तिकीट तिच्या पिशवीत होतं, पिशवीत धाकट्याचा फोटो होता, आणि जिथे जाईल तिथे एकच प्रश्न वाट बघत होता: बरोबर कोण आहे? लॉजवाला विचारायचा, कंडक्टर विचारायचा, चौकीतला हवालदार विचारायचा. सुरुवातीला ती खरं सांगायची, की कोणी नाही. मग लॉजवाल्याच्या खोल्या एकदम भरून जायच्या, आणि कंडक्टरची नजर पुन्हा पुन्हा तिच्यावर यायची. हळूहळू ती शिकली. बसमध्ये लेकुरवाळ्या बाईशेजारी बसायचं. रस्ता एकाला विचारायचा आणि दुसऱ्याकडून पक्का करायचा. आपल्याला ठाऊक नाही हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. स्टेशनवर बायकांच्या खोलीत भिंतीकडच्या बाकावर, पिशवी उशाला घेऊन पडायचं.

यातली एक गोष्ट तिने मला खूप नंतर सांगितली, तीही मान खाली घालून. एका सकाळी ती खिडकीशी बसली होती. हातात गरम चहा होता. बाहेर शेतं मागे पळत होती. कोणाला वाढायचं नव्हतं, कोणाची वाट बघायची नव्हती, आणि भूक लागली म्हणून तिने सरळ पाव काढून खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा ती सगळ्यांच्या आधी जेवली. "मला इतकं बरं वाटलं गं," ती म्हणाली, "की थोडा वेळ मी त्याला विसरलेच होते." ते बरं वाटणं तिला पुढे फार दिवस टोचत राहिलं.

गावामागून गाव झालं. फोटो दाखवून दाखवून त्याचे कोपरे झिजले. कोणी म्हणायचं बघितलाय, आणि दाखवायचं भलताच माणूस. पुरुषांसाठी असलेल्या निराधार गृहांमध्येही ती गेली. फाटकावरचा माणूस नाव विचारायचा, आत जाऊन यायचा आणि सांगायचा, या नावाचा कोणी नाही. ती पुढे निघायची.

मग पिशवी गेली. एका मोठ्या स्टेशनवर सकाळी ती तोंड धुवायला वाकली, पिशवी पायाशी होती, आणि डोळ्यांवरचं पाणी पुसेपर्यंत ती नव्हती. फोटो, फोन, कागद, पैसे सगळं त्यातच. फोन हाताशी असताना नंबर पाठ कोण करतं? दादाचा नंबर तर नुकताच बदललेला. ती चौकीत गेली, तिथे तिला बसायला सांगितलं आणि विसरले. तिने लोकांना विचारायला सुरुवात केली. पण आता हातात फोटो नव्हता. केस विस्कटलेले, साडी चुरगळलेली अशी एक बाई येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून म्हणायची, माझा भाऊ बघितलात का, उंच आहे, वरचं बटण लावतो. लोक हात झटकून पुढे जायचे. एकाने तिच्या हातावर नाणं ठेवलं. ती म्हणाली, भीक नको, भाऊ पाहिजे. तो हसला.

तीन-चार दिवस असे गेले असावेत, तिलाच नीट आठवत नाही. पोटात काही नव्हतं. एका दुपारी फलाटावर तिला धाकटा पाठमोरा दिसला. तीच मान, तीच कॉलर गच्च. तिने धावत जाऊन त्याची बाही धरली. माणूस वळला आणि तो दुसराच होता. हे तिला दिसलं, कळलंही, पण हातातली बाही सुटेना. तो ओरडला, लोक जमले, कोणीतरी तिला ढकललं, आणि ती खाली बसून मोठ्याने रडायला लागली. थोड्या वेळाने एक गाडी आली. तिला वाटलं, चला, कोणीतरी आपलं ऐकणार.

ती गाडी निराधार बायकांच्या गृहाची होती. तिथे एक लांब खोली होती आणि दोन्ही बाजूंनी खाटा. आल्या आल्या उवा असतील म्हणून तिचे केस कापले. कंबरेपर्यंत केस होते तिचे. ती सांगत होती, मी नोकरी करते, माझी पिशवी चोरीला गेली, माझा भाऊ हरवलाय. तिथल्या मुख्य मॅडम म्हणायच्या, "हो हो, मिळेल हं." आवाज गोड होता. वाईट बाई नव्हती ती. पण तिथे सगळ्याच बायकांचं कोणी ना कोणी हरवलेलं होतं. शेजारच्या खाटेवरची म्हातारी रोज सकाळी गाठोडं बांधून बसायची, की मुलगा न्यायला येतोय. मॅडम तिलाही तेच म्हणायच्या, त्याच आवाजात.

ओरडली तर गोळी वाढायची. गप्प बसली तर आजार खोल आहे म्हणायचे. गोळीने जीभ लाकडासारखी व्हायची, शब्द घसरायचे, आणि घसरत्या शब्दांत आपण शहाणे आहोत हे कसं पटवून द्यायचं? पिशवी, पिशवी म्हणते म्हणून तिथल्या मदतनीस तिला पिशवीवाली म्हणायला लागल्या. वहीत तिचं खरं नाव होतं की नाही कोणास ठाऊक. हाक मात्र तीच. आणि एक दिवस त्या हाकेला तिने चटकन ओ दिली. त्या दिवशी ती हादरली.

ती मला म्हणाली, "धाकटा किती वेळा सांगायचा, या गोळीने जीभ जड होते, मला बोलता येत नाही. आम्ही म्हणायचो, हो हो, घे आता. आम्हाला वाटायचं, नाटकं करतोय."

नंबर एकच पाठ होता, आमच्या कारखान्याचा. खोक्यांवर चिटकवायच्या पट्टीवर तो छापलेला असतो, आणि त्या पट्ट्या चिटकवून चिटकवून आम्हा सगळ्यांना तो झोपेतही म्हणता येतो. तिने मॅडमना सांगितला. त्यांनी एकदा लावूनही बघितला, पण नेमकी त्या दिवशी आमची सुट्टी होती. कोणी उचलला नाही. त्यानंतर मॅडमनी पुन्हा लावला नाही. अशा सांगितलेल्या नंबरांचा त्यांना कंटाळा आलेला होता.

तिथे कपडे धुणारी एक बाई यायची. तिला ताई चादरी पिळू लागायची. बोलायची नाही, नुसती दुसरं टोक धरायची. एके दिवशी चादर पिळता पिळता ताईने विचारलं, तुमच्या फोनवरून एकदा लावाल का? बाईने इकडेतिकडे बघितलं आणि ओल्या हाताने फोन काढला.

आमच्याकडे तो मी उचलला. सकाळची वेळ होती, यंत्रं चालू होती, मला आधी काही कळेना. कोणी दारू प्यायल्यासारखं बोलत होतं. मग कळलं.

"मी ताई. मी वेडी नाही. एवढं यांना सांग."

मी मालकांकडे धावले. मालकांनी यंत्रं बंद करायला लावली, म्हणजे एरवी वीज गेली तरच जे होतं ते झालं. ते फोनवर न खोकता बोलले. ताईच्या ओळखपत्राचा फोटो पाठवला, दादाकडे माणूस धाडला, आणि मॅडमना, त्यांच्या डॉक्टरांना, पुन्हा मॅडमना असं दिवसभर समजावत राहिले. दोन दिवसांनी तिला सोडलं. परतीच्या भाड्याची सोय मालकांनी केली होती. मॅडम म्हणाल्या, सरळ घरी जा आता. निघताना शेजारची म्हातारी ताईचा हात सोडेना. मुलगा कुठे असतो, काय करतो, ती घाईघाईने सांगत होती. ताई हो हो म्हणाली आणि बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर आपण काय म्हणालो ते तिच्या लक्षात आलं. पण परत आत जायचं धाडस तिला झालं नाही. त्या फाटकाची तिला इतकी भीती बसली होती.

ती घरी आली नाही. केस कापलेले, अंगावर दुसऱ्या कोणाची साडी, जीभ अजून जड. अशी ती बसस्टँडवर बसून विचार करत होती. आत जो जातो त्याचं नाव बाहेरच राहतं, हे तिला आता कळलं होतं. इतके दिवस ती फाटकाफाटकावर त्याचं नाव विचारत फिरली होती, आणि धाकट्याने तर आपलं नाव सांगितलंही नसेल. तिने बस धरली ती घराकडची नव्हती.

वाटेतल्या गृहांमध्ये पुन्हा विचारणं सुरू झालं, पण आता वेगळं. दोन ठिकाणी नाहीच म्हणाले. तिसरं एक नदीपलीकडे होतं, जुन्या गोदामात. तिथे ती आधी गेलेली नव्हती. फाटकावरचा माणूस वही उघडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "नाव राहू द्या. वरचं बटण लावल्याशिवाय जेवायला बसत नाही, असा कोणी आहे का?"

तो माणूस हसला. "साहेब?" म्हणाला.

साहेब म्हणायचे त्याला तिथे. तो आतल्या अंगणात भिंतीच्या सावलीत उकिडवा बसला होता. डोकं भादरलेलं, पायाला पट्टी, छातीत कफ वाजत होता. अंगातल्या सदऱ्याला वरचं बटणच नव्हतं, म्हणून त्याने दोन टोकं दोऱ्याने बांधली होती. ताई त्याच्यासमोर बसली. त्याने बघितलं. आधी तिच्या केसांकडे, मग तोंडाकडे. ओळखलं की नाही, तिला सांगता येत नाही. तो म्हणाला, "इथलं पाणी पिऊ नकोस." ती म्हणाली, "बरं, नाही पिणार." आणि त्या दिवशी तिथे ती खरंच पाणी प्यायली नाही.

पण त्याला सोडेनात. रक्ताचं नातं कागदावर दाखवा म्हणाले. तिच्याकडे तर तिचा स्वतःचाही कागद नव्हता. तिने कारखान्यातून दादाचा नवा नंबर मागून घेतला आणि तिथूनच त्याला फोन केला. दादाला आनंद झाला नाही असं नाही, पण तो घुटमळला. म्हणाला, मिळाला हे बरं झालं, तिथे औषध तरी मिळतंय, आणल्यावर पुन्हा तेच, घरात लहान मूल आहे. ताईच्या अंगातलं बळच सरलं होतं. इतकं फिरून, केस गमावून, वेडी ठरून शेवटी तो तिथेच राहणार होता, आणि दादाचं म्हणणं खोटंही नव्हतं. तिने फोन कानाला धरून ठेवला, एवढंच. मग पलीकडे काहीतरी बोलणं झालं, आणि वहिनीचा आवाज आला.

"कोणते कागद लागतात ते सांगा. मी घेऊन येते. यांना सुट्टी नाही."

वहिनी बाजारापलीकडे कधी गेली नव्हती. मुलीला शेजारणीकडे ठेवून ती एकटी निघाली, एक गाडी चुकली, दुसरी धरली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पिशवी पोटाशी कवटाळून त्या गोदामाच्या फाटकाशी उभी राहिली. ताई सांगते, तिचा चेहरा भीतीने पांढरा पडला होता. म्हणाली, "सगळे विचारत होते, बरोबर कोण आहे. मी म्हटलं, माझी नणंद पुढे आहे." मग तिचं लक्ष ताईच्या केसांकडे गेलं आणि तिने तोंडाला पदर लावला. धाकट्याजवळ मात्र ती आली नाही. दहा हात लांब उभी राहिली आणि कागदांवर सह्या केल्या.

परतीचा प्रवास काय झाला असेल ते विचारू नका. तो मध्येच उठायचा, उतरतो म्हणायचा, लोक वळून बघायचे. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला वहिनी. दादा स्टँडवर आला होता. त्याने भावाच्या पायाच्या पट्टीकडे बघितलं आणि त्याला पाठीवर घ्यायला वाकला, जसा लहानपणी घ्यायचा. धाकटा बसला नाही. तो पुढे चालू लागला.

आता म्हणाल, पुढे बरं झालं का? झालं नाही. डॉक्टर बदलले, गोळी बदलली, जीभ थोडी हलकी झाली, पण नकाशाची ती रेघ काही परत आली नाही. छातीचं दुखणं त्याने बरोबरच आणलंय, ते अधूनमधून उचल खातं. रात्र रात्र तो भिंतीशी वाद घालतो आणि घरातलं कोणी झोपत नाही. ताई कामावर येते तेव्हा तिचे डोळे बघूनच आम्ही काही विचारत नाही. केस वाढले तिचे, पण आता ती आखूडच ठेवते. म्हणते, कोण विंचरत बसणार.

घरात एक मात्र ठरलं, आणि ते कोणी बसून ठरवलं नाही: दाराला कडी घालायची नाही. त्याला जायचं असेल तर तो जातो, आणि जो घरात असेल तो थोडं अंतर ठेवून मागे जातो. हाक मारायची नाही, अडवायचं नाही. बहुतेक वेळा तो कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतो.

परवा दुपारी घरात वहिनी एकटीच होती. तो उठला, बटण तपासलं आणि निघाला. तिने शेगडी बंद केली, मुलीला उचललं आणि मागे निघाली. तो थेट बसस्टँडवर गेला आणि समोर लागलेल्या बसमध्ये जाऊन बसला. ती बस कुठे जाते हे न बघता वहिनीही चढली आणि दोन बाकं सोडून मागे बसली. कंडक्टर आला तेव्हा तिने दोघांचं तिकीट काढलं, तेही लांबचं, शेवटच्या थांब्याचं. बस सुटली. कुठे नेणार आहे हा, रात्र कुठे होणार, मुलीला काय खायला घालायचं, या विचारांनी तिचा जीव कासावीस झाला होता, पण ती जागेवरून हलली नाही. तिसऱ्या थांब्यावर तो उठला आणि उतरला. तीही उतरली. मग ऊन डोक्यावर घेऊन तो पुढे आणि ती मुलीला घेऊन मागे, अशी दोघं चालत घरी आली.

संध्याकाळी तिने दादाला हे सांगितलं नाही. ताईला सांगितलं, भांडी घासता घासता. ताई म्हणाली, उद्यापासून तिकिटाचे सुटे पैसे दारामागच्या खिळ्याला लावलेल्या पिशवीत ठेवूया.